खोपा कोणाचा?

सहामाही परीक्षेच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न होता : 'सुगरण पक्षीण खोपा कोणासाठी बांधते?' एका गुणाचा. अपेक्षित उत्तर : पिलांसाठी. सहावीच्या एका मुलीने लिहिले होते, 'ती बांधत नाही. पिवळा बांधतो. ती मागाहून येते.' मी त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिले, 'कविता नीट वाचा.'

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी तेव्हा राजापूर तालुक्यात नाटे गावाच्या परिसरात शिकवत होते. वर कातळाचा सडा, खाली माडा-पोफळीच्या बागा, पलीकडे यशवंतगड आणि समुद्र. साखरीनाट्याकडच्या वाडीतून येणारी ती मुलगी कवितेत कच्ची असेल, पण तिच्या घरामागच्या बावीवर वाकलेल्या माडाला दर पावसाळ्यात पंधरा-वीस खोपे लोंबत असत. पुढल्या आषाढात ती मला तिथे घेऊन गेली. तासभर उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले, की त्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर वर्गात एकाच व्यक्तीजवळ होते, आणि तिच्या हातात लाल पेन होते.

ही कबुली देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. सुगरणीविषयी आपण मुलांना जे सांगतो, ते कुठून आलेले असते आणि त्यातले काय टिकते, हे एकदा नीट पाहावे असे वाटले. मजकूर मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो : बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता, तिच्यावर वर्गात होणारे निरूपण, आणि अलीकडे शालेय पुस्तकांत व वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येणारी 'सुधारलेली' हकीकत. चौथे लेखन या सगळ्यांच्या मागे आहे आणि ते क्वचितच कोणी वाचते, ते म्हणजे सालिम अलींचा १९३१ सालचा निबंध.

कवितेपासून सुरुवात करू, कारण तिच्यावरच सगळे खापर फोडण्याची आता पद्धत पडली आहे. 'बहिणाबाईंना ठाऊक नव्हते, की खोपा नर बांधतो' असे एखादा उत्साही विज्ञान-शिक्षक सांगतो आणि मराठीच्या बाई गोऱ्यामोऱ्या होतात. मला ही टीका उथळ वाटते. जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. खोप्याविषयी त्यांना जे दिसले ते बरोबर आहे. वस्तू कशी टांगलेली आहे, ती किती बारीक विणीची आहे, आणि चोचीशिवाय दुसरे हत्यार नसताना ती झाली आहे, एवढे त्या सांगतात. विणकाम पाहणाऱ्या माणसाची ही नजर आहे. पक्ष्याला स्त्रीरूप दिले ते त्यांनी नव्हे, भाषेने. मराठीत त्या पाखराचे नावच सुगरण. आपल्याकडे साळुंकी, घार, चिमणी या सगळ्या बायका. मोर, पोपट, बगळा सगळे पुरुष. वसंतात गळा फोडून गातो तो कोकिळ पक्ष्याचा काळाभोर नर. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिचा आवाज वेगळाच. तरीही आपण गाण्याचे श्रेय बिनदिक्कत 'कोकिळे'ला देतो. व्याकरणातले लिंग आणि प्राण्याचे लिंग यांचा संबंध असतोच असे नाही, हे मराठीच्या तासालाच शिकवता येईल आणि त्यासाठी कवितेचा मुळीच अपमान करावा लागणार नाही.

घोटाळा होतो तो निरूपणात. कवितेतल्या पक्षिणीवरून शिक्षक 'आईची माया', 'गृहिणीचे कष्ट', 'टापटीप' यांवर जातो आणि खोपा म्हणजे आदर्श घर होऊन बसते. हा पाठ सुगरणीचा राहत नाही, तो मुलींना द्यायचा पाठ होतो. माझ्या वर्गात मी तो अनेक वर्षे दिला आहे. पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला उपदेश करणाऱ्या पाखरांची जुनी गोष्टही याच कामाला लागते. त्यामुळे 'पिवळा बांधतो' हे वाक्य आले, की शिक्षकाला ते निरीक्षण वाटत नाही, उद्धटपणा वाटतो.

आता सालिम अलींकडे वळू. १९३० साली ते जर्मनीहून परतले. बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन आले होते, पण मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची व्याख्यात्याची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती पाहिली, आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. किहीम आणि नाटे एकाच किनाऱ्यावरची गावे; तोच पाऊस, तीच भातशेती, तेच माड. म्हणजे ज्या शोधाने या पक्ष्याची माहिती जगभर बदलली, त्याची प्रयोगशाळा आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर दर जूनमध्ये फुकट उघडते.

त्यांनी काय पाहिले ते थोडक्यात, पण क्रमाने सांगते, कारण सगळा अर्थ क्रमातच आहे. आगोटीच्या सुमारास नराचे डोके आणि छाती पिवळी होते, तोंडावर गडद पट्टा येतो. एरवी नर-मादी दोघेही चिमणीसारखे भुरकट. पिवळे नर आधी येतात, झाड धरतात आणि विणायला लागतात. भाताच्या रोपाच्या किंवा माडाच्या पात्याला कडेला चोचीने खाच द्यायची, टोक पकडायचे आणि उडायचे. लांबलचक पट्टी आपोआप फाटून येते. अशा शेकडो खेपा. आधी फांदीला गाठी, मग एक कडे, मग त्या कड्याच्या एका बाजूला छत. खोपा उलट्या टोपलीएवढा झाला, आणि मधून आडवी जाड दोरी आली, की नर थांबतो. इथे मादी पहिल्यांदा चित्रात येते. माद्या थव्याने येतात. नर खोप्याला लटकून पंख फडफडवतात, एकच कलकलाट करतात. मादी अर्ध्या खोप्यांत शिरून पाहते, एखादा धरते. मग मीलन होते, आणि त्यानंतर नर उरलेले काम करतो : एका बाजूला अंड्यांची खोली बंद करायची, दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी काढायची. पुरा झालेला खोपा रसायनाच्या तासाला दाखवतो त्या बकपात्रासारखा दिसतो. मादी आतून अस्तर करते, दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि साधारण पंधरा दिवस ती एकटी उबवते. पिलांना भरवणेही मुख्यतः तिचेच. नर? नर शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी. हंगाम चालू आहे आणि माद्या येत आहेत तोवर हे चालते.

या क्रमाने एक जुने कोडे सुटले. वसाहतीत पुष्कळ खोपे अर्धवट लोंबताना दिसतात. ते नराचे बसायचे झोके, असे लोक सांगत. नराने स्वतःच्या आसऱ्यासाठी बांधलेली घरटी, असे काही पुस्तकांतही असे. प्रत्यक्षात ते कोणत्याही मादीने न धरलेले खोपे. सालिम अलींचा निबंध मला मोठा वाटतो तो इथे. नवे उपकरण नाही, दुर्मीळ पक्षी नाही. जे सगळ्यांनी पाहिले होते ते त्यांनी तारखेनिशी, खोप्यागणिक पाहिले, आणि 'अर्धवट' या शब्दाचा अर्थच बदलला.

पण या निबंधाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्याच्या उपशीर्षकात विणीच्या हंगामातल्या 'घरगुती संबंधां'चा उल्लेख आहे. म्हणजे उत्तर बदलले तरी चौकट घराचीच राहिली : नवरा, बायको, संसार. एका नराच्या एकामागून एक अनेक माद्या, याला आपण 'बहुपत्नीकत्व' म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण 'पत्नी' म्हटले की न्याय-अन्याय, निष्ठा, जबाबदारी हे सगळे मागोमाग येते, आणि ते पाखरांच्या माथी बसते. सालिम अलींच्या निरीक्षणांना याने बाधा येत नाही. त्यांच्या नंतर लिहिणाऱ्यांनी मात्र निरीक्षणे टाकून चौकट तेवढी उचलली.

ती सुधारलेली हकीकत आता सर्वत्र आढळते. तिचा मासला असा : 'बिचारा नर घर बांधतो, मादी ऐटीत येऊन तपासणी करते, कारागिरी पसंत पडली तर राहते, नाहीतर नाक मुरडून जाते.' पुढे ब्लॉकच्या किमतीवर एखादा विनोद आणि शेवटी 'स्वयंवर' हा शब्द. लेखकाला वाटते आपण अंधश्रद्धा दूर केली. माझ्या मते त्याने आईच्या मायेची गोष्ट काढून नवऱ्या-बायकोच्या विनोदाची गोष्ट त्या जागी ठेवली, एवढेच. आणि तीत तथ्याच्या निदान तीन चुका आहेत.

पहिली, कारागिरीची. मादी विणकाम पाहून निवड करते, हे इतके स्वाभाविक वाटते की कोणी तपासलेच नाही, निदान बरीच वर्षे. सुहेल क्वाडर यांनी २००५ आणि २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे तपासले. मादीच्या निवडीत खोप्याच्या घडणीपेक्षा खोप्याच्या जागेला अधिक वजन आहे, असे त्यांना आढळले. झाडावर उंच असलेले आणि बारीक फांदीला टांगलेले खोपे अधिक पसंत पडतात. कारण समजायला सोपे आहे. अंडी-पिले खायला कावळा, सरडा, उंदीर, साप टपलेले असतात. बारीक फांदीच्या टोकापर्यंत त्यांना पोचणे कठीण. बावीवर वाकलेल्या माडाची झावळी या दृष्टीने पाहावी. 'उत्तम कारागिराला वधू मिळते' ही बोधकथा म्हणून ठीक आहे; सुगरण मात्र पत्ता आधी बघते आणि भिंती मागाहून.

दुसरी चूक, 'बिचारा नर' आणि 'ऐटबाज मादी' ही. अंडी, उबवणे, अस्तर, पिलांना भरवणे, हा हिशेब वगळला तरच मादी ऐटबाज ठरते. आणि विनोदाच्या जागी रागावून लिहिणारा दुसरा एखादा लेखक त्याच नराला बेजबाबदार ठरवतो. दोन्ही निवाडे निरर्थक आहेत. विचारायचा प्रश्न असा, की नराने पिलांना भरवण्यात फारसा भाग न घेताही पिले जगतात कशी? उत्तर बहुधा शेतात आहे. पावसाळ्यात गवताचे बी आणि पिलांना लागणारे किडे इतके मुबलक असतात, की एकटी मादीही भरवू शकते.

यातून तिसरी चूक पुढे येते, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. या सगळ्या लेखनातून वसाहतच गायब आहे. एक नर, एक मादी, एक खोपा. जणू माडावर बाकी कोणी नाहीच. पंधरा-वीस खोपे एकाच झाडाला का, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात मला कधी भेटला नाही. जॉन क्रुक यांनी १९६४ साली आफ्रिका आणि आशियातल्या विणकर पक्ष्यांच्या कितीतरी जाती शेजारीशेजारी मांडून पाहिल्या. जंगलात राहून किडे खाणाऱ्या जाती बहुधा जोडीने, एकेकट्या राहतात. उघड्या गवताळ प्रदेशात बी खाणाऱ्या जाती बहुधा वसाहत करतात आणि त्यांच्यात एका नराच्या अनेक माद्या असतात. त्यांचा युक्तिवाद असा : किडे विखुरलेले असतात, ते शोधायला आपापला इलाखा हवा आणि पिलांना भरवायला दोघे हवेत. बी मात्र एखाद्या ठिकाणी ढिगाने मिळते, तिथे थव्याने जाणे फायद्याचे. शिवाय माळावर घरट्यासाठी सुरक्षित झाडे थोडी, म्हणून सगळ्यांची गर्दी त्यांवरच. आणि थोड्या सुरक्षित जागी गर्दी झाली, की चांगली फांदी पकडलेल्या नराकडे एकाहून अधिक माद्या येणार. म्हणजे नराचे वागणे, मादीची निवड आणि खोप्यांची गर्दी या तीन गोष्टी सुट्या नाहीत. अन्न आणि जागा यांनी त्या एकत्र बांधलेल्या आहेत. क्रुक यांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली, तपशील बदलले, पण वागणुकीचे कारण परिसरात शोधायचे ही रीत टिकली.

गर्दीत राहण्याचा खर्चही असतो. शेजारी नर एकमेकांच्या खोप्यातल्या पट्ट्या चोरतात. कधी एक मादी दुसरीच्या खोप्यात अंडे घालून जाते. 'एकोप्याने नांदणारी सुगरणींची वाडी' असे लिहिणाऱ्याने एकदा दुपारी अर्धा तास बावीवर बसावे.

आणि वसाहत म्हटली की घरची व्यवस्था सुगरणीसारखीच, असेही नाही. गावच्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती होते, तिथे नर काड्या आणून देतो, मादी त्या रचते, आणि अंडी दोघे आळीपाळीने उबवतात. नाट्याहून किनाऱ्याने दक्षिणेला गेले, की वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडक आहेत. तिथली सुरय पक्ष्यांची वीण हुमायून अब्दुलालींनी १९४०च्या सुमारास जाऊन पाहिली आणि लिहून ठेवली. सुरयांत नर-मादी दोघेही अंड्यांवर बसतात, दोघेही मासे आणतात. एकाच किनारपट्टीवर तीन वसाहती आणि निदान दोन रीती. 'पक्ष्यांचा संसार' असा सरसकट धडा लिहिणे म्हणूनच धोक्याचे. जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांबद्दलही एक सावधगिरी हवी. १९८०च्या दशकापासून डीएनए तपासून पिलांचे पितृत्व ठरवता येऊ लागले, आणि अनेक 'एकनिष्ठ' जातींत काही पिले शेजारच्या नराची निघाली. जोडी दिसते ती घरट्याची. बीजाची असेलच असे नाही.

मग वर्गात काय करावे? कविता शिकवावीच, मनापासून शिकवावी, आणि निरूपणात गृहिणीला आणू नये. पाठ संपल्यावर मुलांना जवळच्या वसाहतीचा नकाशा काढायला सांगावा. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, एकाच वेळी. प्रत्येक खोप्याला क्रमांक, आणि पुढे अवस्था : नुसती गाठ, कडे, उलटी टोपली, नळी. आठवड्याने पुन्हा गेल्यावर टोपलीच राहिलेला खोपा कोणता आणि नळी आलेला कोणता, हे कळते; म्हणजे मादीने कोणता धरला हे मादी न पाहताही कळते. खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत हेही मोजावे. नैर्ऋत्येचा वारा लागू नये म्हणून ते बहुधा पूर्वेच्या अंगाला असतात असे लिहिलेले आढळते. नाट्यासारख्या समुद्रावरच्या गावात ते तपासण्यासारखे आहे, आणि 'आढळले नाही' हेही उत्तर आहे. एक गोष्ट मात्र मुलांना आधीच सांगावी. पायात रंगीत कडी नसताना कालचा पिवळा आणि आजचा पिवळा एकच, असे म्हणता येत नाही. 'एका नराने तीन खोपे बांधले' असे वहीत आले, तर कशावरून, हे विचारावे. झाडावर चढू नये, खोपा काढू नये. खालून मोजता येते तेवढेच मोजावे.

माझ्या हातून कापला गेलेला गुण परत देता आला नाही. गुणपत्रके गेली होती. बावीवर आम्ही उभ्या होतो त्या दिवशी त्या मुलीने गवतात पडलेला गेल्या साली गळालेला खोपा उचलून आणला. मी आत बोट घातले. भिंतीला वाळलेल्या चिखलाचे दोन गोळे चिकटलेले होते. या गोळ्यांत सुगरण काजवे खोचते आणि रात्री उजेड करते, असे आमच्याकडे सांगतात. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असाही एक तर्क आहे. मी तिला विचारले, "हा चिखल कोणी लावला? पिवळ्याने की तिने?"

ती म्हणाली, "ते नाय बघितलं, बाई."